गोटमार वर, संत्री खाली

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते आणि तिथून शंभरेक किलोमीटरवर, जाम नदीच्या पात्रात, पांढुर्णा आणि सावरगावचे लोक एकमेकांवर दगड भिरकावतात. नदीत रोवलेल्या पळसावरचा झेंडा कोण काढतो, यासाठीची ही गोटमार. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात. कित्येकांचा जीवही गेला आहे. प्रशासनाने मध्ये रबरी चेंडू देऊन पाहिले, पण लोकांनी पुन्हा दगडच उचलले. एरवी या गावाकडे ढुंकूनही न पाहणारी वर्तमानपत्रे त्या दिवशी हमखास बातमी देतात. त्यामुळे इंटरनेटवर पांढुर्णा शोधायला गेलेल्याच्या पुढ्यात बहुधा दगड येतात आणि पांढुर्णा-सौंसरची संत्री मागे राहतात.

यात कुणाचा कट नाही. शोधयंत्रे पानांची क्रमवारी कशी लावतात, त्याचा हा परिणाम आहे.

अल्टाव्हिस्टासारखी सुरुवातीची शोधयंत्रे मुख्यतः पानावरचे शब्द तपासत. ‘संत्री’ हा शब्द शंभर वेळा लिहिला की पान वर सरके, आणि लोक तसे लिहीतही. 1996 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी दुसरी वाट धरली. पान स्वतःबद्दल काय सांगते यापेक्षा इतर कोणती पाने त्याची लिंक देतात, हे त्यांनी मोजायला घेतले. स्थळाची चौकशी करणाऱ्या घरांना ही रीत नवी नाही. मुलाकडचे काय सांगतात याला फारशी किंमत नसते. गावात वजन असलेला माणूस काय म्हणतो ते पाहतात. तोच माणूस दिसेल त्या मुलाची तारीफ करू लागला, तर त्याच्या शब्दाचा भाव उतरतो.

‘पेजरँक’ नावाच्या त्यांच्या गणितात नेमके हेच होते. एका पानावरून दहा लिंका बाहेर जात असतील, तर त्याचे वजन दहा ठिकाणी वाटले जाई. गणितामागे एक काल्पनिक वाचक होता. तो 100 पैकी 85 वेळा समोरच्या लिंकवरून पुढे जातो आणि 15 वेळा कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतो. असा भटकणारा वाचक ज्या पानावर वारंवार पोचेल, ते वजनदार. 1998 मध्ये याच पायावर गूगल कंपनी उभी राहिली.

गोटमारीची बातमी वर येते ती इथे. मोठ्या वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांना जगभरातून लिंका मिळालेल्या असतात. मुखपृष्ठावरून बातमीला लिंक गेली की ते वजन आतल्या पानावरही उतरते. शिवाय बातमी ताजी असते, तेही शोधयंत्र पाहते. सौंसरजवळच्या जामसावळीचा निद्रिस्त हनुमानही मागे पडत नाही. यात्रेची माहिती देणारी पाने त्याचा उल्लेख करतच राहतात. संत्र्याचे मात्र सगळे बोलणे व्हॉट्सॲपवर चालते. भाव, तोडणी, गाडी कधी भरायची, सारे तिथेच. बंद गटातले हे संदेश शोधयंत्राला दिसतच नाहीत. हजार बागाईतदारांनी एखादे पान एकमेकांना पाठवले, तरी लिंकांच्या हिशेबात त्याची नोंद शून्य.

लिंकेला किंमत आली म्हटल्यावर तिचा बाजार भरणारच. अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या दुकानसाखळीचे प्रकरण फेब्रुवारी 2011 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघडकीस आणले. कपड्यांपासून गालिच्यांपर्यंत कितीतरी शोधांत ती कंपनी पहिली येत होती, कारण ज्यांचा तिच्याशी काडीचा संबंध नाही अशा असंख्य पानांवर तिच्या लिंका पेरलेल्या होत्या. गूगलने तिला खाली ढकलले. 2005 पासूनच ‘नोफॉलो’ ही खूण होती. ती लावलेली लिंक शिफारस म्हणून धरली जात नसे. विकिपीडियाने 2007 मध्ये इंग्रजी आवृत्तीतल्या बाहेरच्या लिंकांना ती लावली. एप्रिल 2012 मधल्या ‘पेंग्विन’ बदलाने विकतच्या लिंकांवर अवलंबून असलेली कित्येक संकेतस्थळे तळाला गेली. तरीही शेकडो बॅकलिंक स्वस्तात देणारे विक्रेते आजही आहेत. त्यांच्याकडून लिंका घेणे म्हणजे पैसे देऊन संशय ओढवून घेणे.

आज लिंक हा अनेक निकषांपैकी एक आहे, पण तिचे वजन संपलेले नाही. पांढुर्ण्याला ते वेगळ्याच कारणाने जाणवावे. ऑक्टोबर 2023 मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर वेगळे काढून नवा जिल्हा झाला. पण वर्षानुवर्षे लिंका गोळा केलेली जुनी पाने ‘जिल्हा छिंदवाडा’ असेच सांगतात, आणि नवे पान कितीही अचूक असले तरी कोऱ्या खात्याने सुरू होते. पत्ता बदलताना जुन्या पानावरून नव्याकडे कायमची वाट लावून दिली, तर कमावलेले वजन बरेचसे सोबत येते. सरकारी संकेतस्थळे हलवताना हे साधे काम अनेकदा राहून जाते.

बागाईतदारांना विकतच्या लिंकांची गरज नाही. नागपुरात केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. तिच्या पानावरून आलेली एक लिंक शंभर फुटकळ याद्यांना भारी पडावी. पण संस्थेने लिंक द्यावी असे काही आधी असायला हवे: आंबिया बहार केव्हा तोडणीला येतो, मृग बहार केव्हा, कोणत्या बागेत किती माल आहे आणि तो कुणाकडून घ्यायचा, हे सांगणारे उघडे पान.