वरळीचं क्लीव्हलँड बंदर : पुलाखालच्या वाटेसाठीचा झगडा

बेल्हे गावच्या सोमवारच्या बैलबाजाराला येणारा माणूस वाटेतला पूल ओलांडतो. पावसाळ्यात पुलावर पाणी चढलंय का, एवढीच त्याची चौकशी. दोन खांबांमध्ये अंतर किती, हे तो विचारत नाही, कारण खालून कुणाला जायचंच नसतं. वरळी कोळीवाड्यातल्या क्लीव्हलँड बंदरावर मात्र हा आकडा पोराटोरांना तोंडपाठ झाला होता.

वरळीचं टोक जिथे समुद्रात घुसतं तिथे हा कोळीवाडा आहे. टोकावर इंग्रजांच्या काळातला छोटा किल्ला, वस्तीत गोल्फादेवीचं देऊळ, एका वेळी एकच माणूस मावेल अशा गल्ल्या आणि अंगणात सुकत टाकलेली जाळी. मागे उंच काचेच्या इमारती. समोर वांद्रे-वरळी सागरी सेतू, ३० जून २००९ला खुला झालेला. क्लीव्हलँड बंदर म्हणजे क्रेन-गोदामांचा धक्का समजून कुणी गेलं तर फसेल. इथे लहान होड्या लागतात. त्या खोल समुद्रात न जाता किनाऱ्यालगतच्या खडपांभोवती शेवंड, कोळंबी, चिंबोऱ्या धरतात. सकाळी जायचं आणि मासळी ताजी असतानाच परतायचं, असा हा धंदा. म्हणूनच बंदराच्या तोंडाशी काय उभं राहतं, यावर त्याचं सगळं अवलंबून.

मुंबईच्या किनारी रस्त्याचा दक्षिणेकडचा टप्पा प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपुलापासून सागरी सेतूच्या वरळी टोकापर्यंत साडेदहा किलोमीटरचा. मलबार हिलखालून दोन किलोमीटरचे जुळे बोगदे, बाकी बराचसा रस्ता समुद्रात भराव टाकून. भरावाचं क्षेत्र शंभर हेक्टरांहून जास्त. भरतीच्या रेषेत रस्त्यासाठी भराव टाकायची मुभा २०१५च्या अखेरीस किनारा नियमन अधिसूचनेत बदल करून देण्यात आली. जुलै २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाची किनारा नियमन मंजुरी रद्द केली, काम थांबलं. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि डंपर पुन्हा सुरू झाले. भराव पडला तिथली खडपं गेली ती गेलीच. प्रवाळाच्या काही वसाहती तेवढ्या उचलून दुसरीकडे लावल्या. होड्यांना दुसरीकडे लावणार कुठे?

भरावाचा रस्ता सागरी सेतूला जोडायला वरळीपुढे पूल लागणार होता, आणि त्याचे खांब नेमके होड्यांच्या वाटेत. आराखड्यात दोन खांबांमध्ये ६० मीटर होते. महापालिकेचं म्हणणं, लहान होडीला एवढं रग्गड झालं. कागदावर ते खरंच वाटतं. होडी चार-पाच हात रुंद, तिला ६० मीटर म्हणजे मैदानच की! पण नाखव्याचा हिशेब होडीच्या रुंदीवर चालत नाही. पाणी खांबाला आपटून भोवरे धरतं, वारा बाजूने लोटतो, समोरून दुसरी होडी येते, आणि इंजिन बंद पडायचं तर नेमकं तिथेच. पावसाळ्याच्या तोंडावर लाट चढली की होडी खांबावर जायला क्षण पुरतो. सागरी सेतूच्या बांधणीपासूनचा अनुभव गाठीशी होताच. त्यामुळे मागणी झाली १६० ते २०० मीटरची.

या लढ्याचं मला कौतुक वाटतं ते त्यातल्या नेमकेपणासाठी. रस्ताच नको म्हणणारा आवाज कोळीवाड्यातही होता, पण कामाचे दिवस वाढू लागले तसं भांडण एका मापावर येऊन थांबलं. २०२१मध्ये मच्छीमारांनी होड्या समुद्रात आडव्या घालून काम अडवलं. बैठका झाल्या, आश्वासनं झाली, तज्ज्ञांचे अहवाल पुढे आले, सरकारही बदललं. अखेर २०२२-२३च्या हिवाळ्यात १२० मीटरवर तडजोड झाली. मधला एक खांब वगळायचा आणि दोन गाळ्यांचा एक करायचा. मागितलं होतं त्याहून कमी, पण मूळ आराखड्याच्या दुप्पट. अभियंत्यांना रचना बदलावी लागली, खर्च वाढला. हा खर्च कोळ्यांमुळे वाढला असं म्हणणारे भेटतात. आराखडा कागदावर असतानाच बंदरावर येऊन विचारलं असतं तर तो वाचला असता, असं माझं मत.

एप्रिल २०२४मध्ये १३६ मीटर लांबीची, दोन हजार टनांची धनुष्याकृती तुळई तराफ्यावरून आणून पहाटे बसवली, मे महिन्यात दुसरी. २७ जानेवारी २०२५पासून दोन्ही दिशांची वाहतूक त्यांवरून चालते. उत्तरेला वर्सोवा-वांद्रे सागरी सेतूचं काम चालू आहे. तो भरावावर नाही, पाण्यातल्या खांबांवर उभा राहतोय. भरावाला जो पर्याय सुचवला जातो तोच हा, तरीही खार दांडा आणि जुहूच्या कोळीवाड्यांना होड्यांच्या वाटेची काळजी आहेच.

वरळीची ही जागा पाहायची तर ओहोटीला किल्ल्याच्या बाजूने जावं. उजवीकडे जुना सेतू, डावीकडे नव्या कमानी, खालून होड्या. किनारी रस्त्यावर दुचाकीला मनाई आहे. त्यामुळे बंदरावर स्कूटर लावून होडीत चढणाऱ्याला हा पूल वापरता येतो तो खालूनच.