वऱ्हाडच्या उत्तर क्षितिजावर

वऱ्हाडच्या माणसाला आभाळाकडे पाहण्याची सवय कोरडवाहू कपाशीने लावली आहे. मे 2024 नंतर या पाहण्यात एका नव्या कुतूहलाची भर पडली. त्या महिन्याच्या 10 तारखेच्या रात्री लडाखमधील हानले येथील कॅमेऱ्यांनी ध्रुवीय प्रकाशाची तांबडी आभा टिपली. तो प्रकाश अमरावती-अकोल्याहून कधी दिसेल काय, असे विद्यार्थ्यांनी विचारले तर त्यांना हसणे योग्य होणार नाही.

4 फेब्रुवारी 1872 च्या रात्री हा प्रकाश खुद्द मुंबईत दिसल्याची नोंद आहे आणि अमरावती तर मुंबईच्या दोन अंश उत्तरेस आहे. मात्र येथे नकाशावरील अक्षांशापेक्षा भूचुंबकीय अक्षांश महत्त्वाचा असतो. भूचुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जात असल्याने आपला देश या बाबतीत मागच्या रांगेत बसला आहे. सूर्यावरून निघालेले वादळ विलक्षण प्रबळ असेल तरच येथे काही दिसावयाचे. तेही हिरवे नाचते पडदे नव्हेत. शेकडो किलोमीटर उंचीवरील ऑक्सिजनची, उत्तर क्षितिजालगतची मंद लाली. शहरी दिव्यांच्या झगमगाटात ती हरवणारच. चिखलदऱ्याच्या काळोखात कदाचित गवसेल.

परंतु या आशेला दुसरी बाजूही आहे. 1872 च्या त्याच वादळात मुंबई-एडन समुद्री तारेचे काम काही तास विस्कळीत झाले होते. मार्च 1989 मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा अशाच वादळाने सुमारे नऊ तास बंद पाडला. वऱ्हाडच्या आकाशात लाली आणणारे वादळ वीजवाहिन्या आणि उपग्रह यांना सहजासहजी सोडणार नाही. म्हणजे हे दृश्य फुकट मिळणारे नव्हे.

अशा संकटाचा अंदाज बांधावयाचा तर आधार कशाचा? जुन्या नोंदींचा. 2 सप्टेंबर 1859 रोजी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील चुंबकमापकाने सुमारे 1600 नॅनोटेस्लांची घसरण दाखविली. निरीक्षकांनी ती डोळ्यांनी वाचून वहीत उतरविली. त्या आकड्यांवरून 2003 मध्ये संशोधकांनी त्या ऐतिहासिक वादळाच्या तीव्रतेचा अंदाज बांधला. पुढे विजेच्या ट्रामगाड्यांचा अडथळा होऊ नये म्हणून ही चुंबकीय निरीक्षणे 1904 पासून अलिबागला सुरू झाली. रोज तेच आकडे लिहिणाऱ्या त्या माणसांना आपल्या कामाचे मोल कोठे ठाऊक होते?

2 एप्रिल 2022 रोजी, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आकाशातून जळते तुकडे गेले. अनेकांना ती उल्का वाटली. ते अवकाशयानाच्या अग्निबाणाचे अवशेष होते. पाहणे आणि नेमके टिपून ठेवणे यांतले अंतर त्या दिवशी कळले. ध्रुवीय प्रकाश वऱ्हाडात दिसेल अथवा दिसणार नाही. तथापि तारीख, वेळ, दिशा आणि रंग वहीत लिहिण्याची शिस्त शाळा-महाविद्यालयांतून रुजली, तर रिकाम्या आकाशाकडे पाहिलेली रात्रही वाया गेली असे होणार नाही.