मदतीच्या नावाने लूट : मोबाईलवरची ठकबाजी चालते कशी आणि थांबत का नाही



हंगाम सुरू झाला की आपल्याकडे दोन गोष्टींची वाट पाहतात. एक तोडीची आणि दुसरी बिलाची. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ अन्वये ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत बिल अदा करावयाचे असते. हे बिल आता खात्यावर जमा होते आणि त्याची खबर खिशातल्या मोबाईलवर येते. वर्षाच्या कष्टाचा पैसा एका खात्यावर एकदम येतो, ही गोष्ट जशी आपल्याला ठाऊक तशी ती ठकांनाही ठाऊक आहे. म्हणून ही माहिती सविस्तर देत आहोत.

आता असे समजा, बिल जमा झाले आणि आपण ठिबकच्या दुकानदाराला मोबाईलवरून पाच हजार रुपये पाठविले. खात्यातून वजा झाले, पण दुकानदार म्हणतो मिळाले नाहीत. असे कधी कधी होते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे असे अडकलेले पैसे एक ते पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. पण हे आपल्याला कुणी सांगितलेले नसते, आणि पैसा गेला म्हटल्यावर जिवाला चैन कुठली? घरातला पोरगा मोबाईलवर ‘कस्टमर केअर’चा नंबर शोधतो आणि जो पहिला दिसेल त्यावर फोन लावतो. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. चोर आपल्या दारात आलेला नाही, आपणच त्याला हाक मारली आहे. बँकांच्या आणि कंपन्यांच्या नावापुढे स्वतःचा नंबर टाकून तो नुसता बसलेला असतो, ओढ्याकाठी गळ टाकून बसावे तसा.

पलीकडून अदबीने बोलणे सुरू होते. तो नाव विचारतो, तक्रार नोंदवून घेतो, तक्रारीचा नंबरसुद्धा देतो. मग म्हणतो, “तुमच्या फोनमध्ये दोष आहे, मी इथूनच दुरुस्त करतो. एक अ‍ॅप घ्या.” हे अ‍ॅप एनीडेस्क किंवा त्याच जातीचे असते. अ‍ॅप मुळात वाईट नव्हे, बरं का. पुण्यात बसलेला इंजिनियर एखाद्या संस्थेचा संगणक अशाच साधनाने दुरुस्त करतो. अ‍ॅप उघडले की एक नंबर येतो. तो सांगितला आणि परवानगीचे बटण दाबले, की आपल्या फोनच्या काचेवर जे जे दिसते ते सारे त्याला तिकडे दिसते. मग “खाते चालू आहे का पाहू, दहा रुपये पाठवून बघा,” किंवा “कार्डाचा नंबर या फॉर्मात भरा.” आपण भरतो, तो वाचतो. ओटीपी येतो, तोही तो वाचतो. आणि सारखा बजावतो, “फोन ठेवू नका.” कारण फोन ठेवला तर पैसे गेल्याचा बँकेचा मेसेज आपण वाचू. रिझर्व्ह बँकेने या प्रकाराबद्दल बँकांना फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केले होते.

दुसरा प्रकार लाईटबिलाचा. “मागील बिल भरले नसल्याने आज रात्री साडेनऊ वाजता वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याला फोन करा,” असे मेसेज २०२२ साली राज्यभर फिरले. असे मेसेज आपण वैयक्तिक नंबरवरून पाठवीत नाही, असे महावितरणला वारंवार जाहीर करावे लागले. अलीकडे तर बोलण्याचीही गरज ठेवलेली नाही. पीएम किसानच्या नाहीतर आरटीओच्या चलनाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाईल येते, तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असते. ती उघडून परवानग्या दिल्या की आपले मेसेज परस्पर ठकाकडे जाऊ लागतात.

ही विद्या नवी नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अशा सहा टोळ्यांवर खटले भरले. त्यांतील बहुतेक भारतातून चालत होत्या. त्यांचे लोक परदेशातील माणसाला फोन करून “आम्ही मायक्रोसॉफ्टकडून बोलतो, तुमच्या संगणकाला रोग झालाय” असे सांगत आणि त्याच्याच संगणकातली एक यादी त्याला उघडायला लावत. त्या यादीत लाल खुणांच्या शेकडो नोंदी असत. त्या नोंदी खऱ्या, पण निरोगी संगणकातही त्या असतातच. उसाच्या बुडाशी वाळलेल्या पाचटाकडे बोट दाखवून “तुमचा ऊस वाळला” म्हणावे, तसला हा प्रकार. आपण हसू, कारण आपल्याला पाचट कळते. संगणकाचे पाचट त्या परदेशी म्हाताऱ्याला कळत नव्हते आणि मोबाईलचे आपल्याला कळत नाही.

आपल्या राज्यातले मोठे प्रकरण मीरा रोडचे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी तेथील कॉल सेंटरांवर रात्री छापे घातले, ७०० हून अधिक मुलामुलींना ताब्यात घेतले आणि ७० जणांना अटक केली. तिथली सोंगे मायक्रोसॉफ्टची नव्हती, अमेरिकेच्या करखात्याच्या अधिकाऱ्यांची होती. बाकी पद्धत तीच. खोटे इंग्रजी नाव, पुढ्यात छापील संवाद, आणि दंड वसूल करायचा तो दुकानातल्या भेटकार्डांच्या रूपाने. सूत्रधार म्हणून ज्याचे नाव आले त्या सागर ठक्करला एप्रिल २०१७ मध्ये पकडले. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेत त्यांच्या २१ साथीदारांना शिक्षा झाल्या, सर्वात मोठी २० वर्षांची. एवढे होऊन धंदा थांबला का? ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या, त्यांत मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉन यांच्या तक्रारींवरून नोंदविलेली खोट्या मदत केंद्रांची प्रकरणे होती. मे २०२५ मध्ये पुण्यात खराडीला असलेच एक केंद्र पोलिसांनी पकडले.

का थांबत नाही, हे आपल्या वाहनमालक सभासदांना चटकन कळेल. मुकादम टोळी देतो म्हणून लाखांची उचल घेतो आणि हंगामाला फिरकत नाही, हा घाव किती जणांनी सोसला आहे! तिथे निदान मुकादमाचे गाव माहीत असते, करारावर अंगठा नाहीतर सही असते. तरी वसुली किती होते ते आपण जाणतो. इथे गाव नाही, नाव नाही. फोन एका राज्यातून, सिमकार्ड दुसऱ्याच्या नावावर आणि पैसा जातो तो तिसऱ्याच्या खात्यावर. हे खाते बहुधा भाड्याने घेतलेले असते. एखाद्या मजुराला किंवा कॉलेजातल्या पोराला चार-पाच हजार देऊन पासबुक, एटीएम आणि सिम घेतात. पैसा तिथे काही मिनिटेच थांबतो, पुढे दहा खात्यांत फुटतो. पोलिस येतात ते प्रथम त्या पोराच्या दारात. आमच्या मते हे आपल्या गावच्या तरुणांना सांगणे फसवणुकीच्या सूचनेइतकेच गरजेचे आहे.

कायदा आहे, पण तोकडा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ‘६६ डी’ प्रमाणे अशा तोतयेगिरीस तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड आहे. मात्र गुन्हा जामीनपात्र, आणि या कायद्याखालचा तपास पोलिस निरीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. बँकेच्या यंत्राला तर काही वावगे दिसतच नाही. पिन बरोबर, ओटीपी बरोबर, फोनही खातेदाराचाच. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट म्हटले होते की, खातेदाराने गुप्त आकडा स्वतः दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळविल्यानंतरचे बँकेचे.

शिवाय खरे कारण आणखी एक आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही. काट्याची शंका आली तर आपण गट ऑफिसात जातो, चिटबॉयला गाठतो, शेतकी अधिकाऱ्याशी भांडतो. समोर माणूस असतो. मोबाईलवरच्या पैशाच्या धंद्यात समोर माणूसच ठेवलेला नाही. खऱ्या मदत केंद्राला फोन लावला तर “एक दाबा, दोन दाबा” आणि मग नुसते संगीत. ठक मात्र पहिल्या घंटेला उचलतो, ‘दादा’ म्हणतो, सगळे ऐकून घेतो. खऱ्यापेक्षा खोटा जास्त मदत करतो! बँकांनी आणि कंपन्यांनी हा दोष काढल्याशिवाय नुसत्या ‘सावधान’च्या जाहिरातींनी काय व्हायचे? फसलेला माणूस तर लाजेने घरातसुद्धा बोलत नाही, आणि त्या लाजेत मोलाचा तास निघून जातो.

तास म्हणण्याचे कारण असे. १९३० हा सरकारी फोन नंबर याच कामासाठी आहे. तक्रार लगेच गेली तर पैसा ज्या ज्या खात्यांत गेला तिथे रोखून धरण्याचा प्रयत्न होतो. रोखीने काढून घेतल्यावर तो हाती लागणे कठीण. तेव्हा संशय येताक्षणी मोबाईलचे नेट बंद करावे. दुसऱ्या फोनवरून, शेजाऱ्याचा असला तरी चालेल, १९३० लावावा आणि पासबुकावर किंवा एटीएम कार्डामागे छापलेल्या नंबरावर बँकेला कळवून खाते बंद करावयास सांगावे. खाते नंबर, रक्कम, वेळ आणि मेसेजमधला व्यवहाराचा नंबर जवळ ठेवावा. मिळालेला तक्रार नंबर कागदावर लिहून घ्यावा आणि त्याच दिवशी शाखेत लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.