प्रत्येक अर्धी डोकेदुखी म्हणजे अर्धशिशी नव्हे

डोक्याला फडके घट्ट बांधून कामाला जाणारी एखादी बाई आपल्या वस्तीत हमखास दिसते. विचारले तर म्हणते, "अर्धशिशी आहे, जुनीच." पुष्कळदा ते खरे असते, पण नेहमीच नाही.

अर्धशिशीचा झटका साधारण चार तास ते तीन दिवस राहतो. मग डोके मोकळे होते. मात्र तीन महिन्यांहून अधिक काळ डोक्याची एकच बाजू रोज, सतत दुखत असेल, तर तो 'हेमिक्रेनिया कंटिन्युआ' हा वेगळा आजार असू शकतो. तो तसा कमी आढळतो, पण पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त होतो.

ओळखायचा कसा?
मंद दुखणे कायम असते. मधूनच जोराची कळ येते. त्या वेळी त्याच बाजूचा डोळा लाल होतो, पाणी येते, नाक चोंदते किंवा वाहते, पापणी खाली येते. डोळ्यात वाळू गेल्यासारखे खुपते. म्हणून कोणी चष्मा बदलतो, कोणी सायनसची औषधे घेतो, कोणी दाढ काढून घेतो. दुखणे मात्र तसेच राहते.

उपचार काय?
इंडोमेथासिन नावाचे औषध योग्य मात्रेत मिळाले की हे दुखणे पूर्ण थांबते. ते थांबले, हीच या आजाराची खूण. पण हे औषध मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ नका. त्याने पोटात अल्सर होऊ शकतो, मूत्रपिंडावर ताण येतो. ते जेवणानंतर घ्यायचे असते. सोबत डॉक्टर पोटासाठी गोळी देतात. अल्सर, दमा, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, रक्तदाब किंवा गर्भारपण असेल तर आधी सांगा. शौच काळी झाली तर लगेच दवाखाना गाठा. औषध बंद केल्यावर दुखणे परत येऊ शकते, म्हणून तपासणी चुकवू नका.

आपण काय करायचे?
डोकेदुखीच्या गोळ्या महिन्यातून दहा-पंधरा दिवस घेत राहिल्यास गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. त्याऐवजी दोन आठवडे वहीत लिहा: कोणती बाजू, कळ कधी, डोळा-नाक कसे, कोणती गोळी घेतली. ती वही घेऊन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मेंदूविकार (न्यूरोलॉजी) ओपीडीत जा. दुसरे कारण नाही ना, हे पाहण्यासाठी डॉक्टर एमआरआय सांगतील. तो टाळू नका.

थांबू नका!
अचानक असह्य डोकेदुखी, तापासोबत मान आखडणे, हात-पाय लुळे पडणे, बोबडी वळणे, नजर जाणे, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी आणि चावताना जबडा दुखणे. यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

घरातील बाई "सवय झाली" म्हणते तेव्हा तिला एक प्रश्न विचारा: "डोके पूर्ण मोकळे शेवटचे कधी होते?" तिला आठवत नसेल, तर उद्याच केसपेपर काढा.