सर्व्हर नवा, नियम जुने

रात्री सर्व्हरवरील सॉफ्टवेअर अद्ययावत केले जाते आणि सकाळी संकेतस्थळ उघडणाऱ्यास ‘४०३ फॉरबिडन’, म्हणजे ‘प्रवेश निषिद्ध’, एवढीच अक्षरे दिसतात. घुसखोरी झाल्याची शंका अशा वेळी प्रथम येते. प्रत्यक्षात पाने, छायाचित्रे, माहितीसाठा सारे जागच्या जागी असते. तुटलेला असतो तो सर्व्हर आणि त्याला पूर्वी लिहून दिलेल्या सूचना यांच्यातील मेळ.

‘अपाचे’ या वेब सर्व्हरचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. त्याची २.४ ही आवृत्ती फेब्रुवारी २०१२ मध्ये आली. लिनक्स प्रणालींपैकी उबुंटू १४.०४ (एप्रिल २०१४) आणि डेबियन ८ (एप्रिल २०१५) यांच्याबरोबर ती बहुतांच्या सर्व्हरवर पोहोचली. कोणाला प्रवेश द्यावा, हे २.२ पर्यंत ‘ऑर्डर’, ‘अलाऊ’ आणि ‘डिनाय’ या आज्ञांनी सांगितले जाई. नव्या आवृत्तीत हे काम ‘रिक्वायर’ या आज्ञेकडे आले. जुन्या आज्ञा समजणारा जोडभाग उपलब्ध आहे. तो बंद असेल तर सर्व्हर सुरूच होत नाही. हा बिघाड त्यातल्या त्यात बरा म्हणायचा, कारण चूक कोठे आहे ते तरी संदेशातून कळते.

डेबियन-उबुंटूमध्ये दुसरी गफलत निमूटपणे घडते. तेथे प्रत्येक संकेतस्थळाच्या सूचनांची स्वतंत्र फाइल असते. २.४ पासून नावाच्या शेवटी ‘.कॉन्फ’ नसलेली फाइल सर्व्हर वाचतच नाही आणि तक्रारही करीत नाही.

‘४०३’चे मूळ मात्र निराळे आहे. या प्रणालींच्या नव्या मुख्य फाइलमध्ये संपूर्ण डिस्कला ‘रिक्वायर ऑल डिनाइड’ असे कुलूप असते आणि ‘/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सारख्या मोजक्या फोल्डरनाच मोकळीक मिळते. संकेतस्थळ अन्य फोल्डरमध्ये असेल तर ते या कुलपाआड जाते. सूचनांची तपासणी करणारी आज्ञा तरीही ‘सिंटॅक्स ओके’ असे उत्तर देते. ती व्याकरण पाहते, परिणाम नव्हे. खरे कारण त्रुटींच्या नोंदवहीत, ‘सर्व्हरच्या मांडणीनुसार प्रवेश नाकारला’ अशा आशयाच्या ओळीत सापडते.

संकेतस्थळ बंद, वरिष्ठांचे दूरध्वनी सुरू, अशा घाईत मुळावरील ‘डिनाइड’ काढून ‘ग्रँटेड’ लिहिण्याचा मोह होतो. संकेतस्थळ लगेच सुरू होते. पण कुलूपही जाते. त्याची किंमत २०२१ मध्ये दिसली. अपाचेच्या २.४.४९ या आवृत्तीत पत्त्यातील विशिष्ट चिन्हांच्या आधारे संकेतस्थळाच्या फोल्डरबाहेरील फाइली वाचता येतील, असा दोष निघाला. मुळावर ‘रिक्वायर ऑल डिनाइड’ कायम होते, तेथे ही वाट अडली. नव्हते, तेथे फाइली उघड्या पडू शकत होत्या, आणि सीजीआय प्रोग्रॅम चालू असल्यास परक्याला सर्व्हरवर आज्ञाही चालवता येत होत्या. ऑक्टोबर २०२१ मधील २.४.५० ची दुरुस्ती अपुरी ठरल्याने काही दिवसांतच २.४.५१ काढावी लागली.

योग्य उपाय दोन-तीन ओळींचाच आहे. मुळावरील मनाई तशीच ठेवून, केवळ संकेतस्थळाच्या फोल्डरपुरते ‘रिक्वायर ऑल ग्रँटेड’ लिहायचे. त्याच ठिकाणच्या जुन्या ‘ऑर्डर-अलाऊ’ ओळी काढून टाकाव्यात. दोन्ही पद्धतींची सरमिसळ चालते, पण ती टाळावी, असे अपाचेच्या माहितीपत्रकातच म्हटले आहे.