बिनतारी तापमापक आणि छप्पन्न अंशांचे कोडे

३० मे २०२४ रोजी नागपुरात एक विलक्षण गोष्ट घडली. रामदासपेठेतील एका स्वयंचलित हवामान केंद्राने त्या दिवशी ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदविले. बातमी वाऱ्यासारखी देशभर पसरली. आता हे पाहा : पृथ्वीवरील मान्यताप्राप्त उच्चांक ५६.७ अंशांचा आहे. तो १० जुलै १९१३ रोजी अमेरिकेतील डेथ व्हॅलीत नोंदला गेला. भारतातील उच्चांक ५१ अंशांचा. तो १९ मे २०१६ रोजी राजस्थानातील फलोदी येथे नोंदला गेला. मग आपल्या रामदासपेठेने फलोदीला पाच अंशांनी मागे टाकले काय?

मुळीच नाही. आसपासची इतर काही केंद्रे त्याच दिवशी ४४ अंशांच्या सुमारास तापमान दाखवीत होती. पुढे हवामान खात्यानेही संवेदकात बिघाड असल्याचा खुलासा केला. बिघाड उघडकीस आला तो आकडा शेजारच्या आकड्यांशी ताडून पाहिल्यामुळे. ही गोष्ट मनात ठेवा, कारण असेच एक छोटे केंद्र आज तुम्हांला घरी बांधावयाचे आहे.

त्यासाठी लागतो एक इवलासा फलक. टपालाच्या मोठ्या तिकिटाएवढ्या या फलकावर ईएसपी ८२६६ नावाची चिप असते. शांघाय येथील एस्प्रेसिफ कंपनीची ही चिप २०१४ साली बाजारात आली आणि हौशी मंडळींमध्ये पाहता पाहता लोकप्रिय झाली. २०१६ साली तिची थोरली बहीण ईएसपी ३२ आली. या चिपमध्ये दोन गोष्टी एकत्र नांदतात. एक म्हणजे सूक्ष्मनियंत्रक, अर्थात आपण लिहिलेला कार्यक्रम पाळणारा छोटा संगणक, आणि दुसरी वाय-फायचा रेडिओ. त्यामुळे गच्चीवरचे तापमान खालच्या खोलीतील संगणकावर किंवा फोनवर एकही तार न ओढता वाचता येते. असा फलक दोन-तीनशे रुपयांत मिळतो.

हा रेडिओ २.४ गिगाहर्ट्झ वारंवारतेवर चालतो. प्रकाशाच्या वेगाला या वारंवारतेने भागा. तरंगलांबी येते १२.५ सेंटीमीटर. तिचा चौथा हिस्सा सुमारे तीन सेंटीमीटर. फलकाच्या कडेला तांब्याची जी नागमोडी रेघ दिसते, तोच त्याचा अँटेना. एवढ्या आखूड लहरींमुळेच तो इतक्या थोड्या जागेत मावतो. मात्र धातूच्या पत्र्यातून या लहरी पार होत नाहीत. म्हणून फलक लोखंडी डब्यात किंवा कूलरच्या पत्र्यामागे ठेवू नका.

तापमान मोजण्यासाठी डीएस१८बी२० हा संवेदक घ्या. पोलादी नळीत बंद केलेला, पाण्यात बुडविता येणारा प्रकार निवडा. त्याला तीन तारा असतात. एक फलकाच्या ३.३ व्होल्टच्या पिनला, दुसरी ग्राउंडला आणि तिसरी, माहिती वाहणारी, डी२ या पिनला जोडा. तिसरी तार आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रोध लावावयास विसरू नका. चिपच्या पिना ३.३ व्होल्टच्याच आहेत. त्यांना ५ व्होल्ट दिल्यास ती निकामी होऊ शकते. कार्यक्रम आर्डुइनोच्या मोफत प्रणालीतून लिहिता येतो आणि यूएसबी तारेने फलकात भरता येतो.

जोडणी झाली आणि पडद्यावर आकडा उमटला की आनंद होतो. पण थांबा! एखादे वेळी हा संवेदक एकदम ८५ अंश दाखवितो. घाबरू नका. वीज सुरू होताच त्याच्या स्मृतीत ८५ हाच आकडा असतो, आणि खरे मोजमाप पूर्ण होण्यास पाऊण सेकंदापर्यंत वेळ लागतो. तेवढा धीर न धरता वाचन केले, तर तो आरंभीचाच आकडा हाती येतो. ८५ असल्यामुळे चूक लगेच कळते. तो ४६ असता, तर मे महिन्यातील नागपुरात कोणाला शंकाही आली नसती! म्हणून आपल्या केंद्राच्या तीन परीक्षा घ्या.

पहिली परीक्षा बर्फाची. थर्मासमध्ये बारीक फोडलेला बर्फ आणि थोडे स्वच्छ पाणी घाला. नळी त्यात बुडवून ढवळत राहा आणि पाच मिनिटांनी वाचन घ्या. उत्तर शून्य यावयास हवे. संवेदक अंशाच्या सोळाव्या भागापर्यंतचा आकडा दाखवितो, पण त्याची अचूकता अर्ध्या अंशापुरतीच असते. बारीक आकडा आणि बिनचूक आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बर्फात ०.४ दिसले, तर ती तफावत वहीत टिपून ठेवा आणि पुढील वाचनांतून वजा करा.

दुसरी परीक्षा सावलीची. मी पहिल्यांदा संवेदक काळ्या प्लॅस्टिकच्या डबीत घालून गच्चीवर उन्हात ठेवला, तेव्हा त्याने ६१ अंश दाखविले. तो बिचारा खरेच सांगत होता, पण तापमान डबीचे होते, हवेचे नव्हे. हवामान केंद्रात तापमापक पांढऱ्या, झडपांच्या पेटीत ठेवतात. तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. ती तयार करणारे टॉमस स्टीव्हन्सन हे ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या लेखकाचे वडील. तुम्ही प्लॅस्टिकच्या चार-पाच पांढऱ्या बशा पालथ्या घालून, मध्ये बोटभर अंतर सोडून, एकावर एक बसवा. वारा खेळतो, ऊन लागत नाही. ही चळत जमिनीपासून दीड मीटरवर टांगा.

तिसरी परीक्षा झोपेची. रेडिओ सुरू असताना फलक सुमारे ८० मिलिअँपिअर विद्युतधारा घेतो. ३.३ व्होल्टने गुणले की पाव वॉटहून थोडी अधिक शक्ती झाली, आणि तिची जवळजवळ सगळी उष्णता होते. संवेदक फलकाला चिकटून असेल, तर तो ही उष्णताही मोजतो. उपाय दोन : संवेदक फलकापासून हातभर दूर ठेवा आणि फलकाला गाढ झोपवा. त्यासाठी डी० ही पिन रीसेटच्या पिनला जोडतात. मग फलक दर दहा मिनिटांनी जागा होतो, पाच सेकंदांत मोजून निरोप धाडतो आणि पुन्हा झोपतो.

झोपेमुळे विजेचीही बचत होते. २००० मिलिअँपिअर-तास क्षमतेचे, पुन्हा भरता येणारे चार सेल एकसरीत जोडले, तर सतत जागा असलेला फलक २५ तासांत ते रिकामे करील. दहा मिनिटांत पाचच सेकंद जागला, तर सरासरी धारा ८० × ५ ÷ ६००, म्हणजे सुमारे ०.६७ मिलिअँपिअर. झोपेत चिप ०.०२ मिलिअँपिअर घेते. गणिताने सुमारे १२१ दिवस आले! फलकावरील इतर भागही थोडी वीज खातात, म्हणून प्रत्यक्षात दिवस कमी भरतील. मात्र लिथियमचा सेल तापत्या गच्चीवर ठेवू नका; अति उष्णतेने तो पेट घेऊ शकतो.

आता खरा प्रयोग. दिवसाचे कमाल तापमान वर्तमानपत्रात छापून येते. परंतु रात्री अकरा वाजता तुमची आजी ज्या वरच्या खोलीत झोपते, तिथे किती तापमान होते हे कोणी छापत नाही. सिमेंटची स्लॅब दिवसभर उष्णता साठविते आणि रात्री ती खोलीत सोडीत राहते. टिनाचे छप्पर दुपारी भट्टीसारखे तापते, पण लवकर निवते. रात्रीही शरीराला थंडावा मिळाला नाही, तर वृद्धांना आणि लहान मुलांना उन्हाळा फार जड जातो. दोन फलक बनवा. पहिली रात्र दोन्ही एकाच जागी ठेवून त्यांचे आकडे जुळतात का ते पाहा. नंतर एक वरच्या खोलीत, एक तळमजल्यावर ठेवून आठ दिवस नोंदी करा. मग गच्चीला चुना लावा आणि पुन्हा आठ दिवस मोजा. वरच्या आणि खालच्या खोलीतील फरक कमी झाला का? केवळ वरच्या खोलीचा आकडा पाहू नका. मधल्या काळात एखादी वळवाची सर आली, तर तिचे श्रेय चुन्याला जाईल.

शिक्षकांनी शाळेच्या वेगवेगळ्या मजल्यांवर असे चार-पाच फलक लावून पाहावेत. कोणता वर्ग दुपारी सर्वांत तापतो हे महिनाभरात कळेल, आणि परीक्षेच्या दिवसांत मुलांना कोठे बसवावे हे ठरविता येईल. आणि कोण्या दुपारी एखाद्या फलकाने ५६ अंश दाखविलेच, तर बातमी पसरविण्याआधी शेजारचा फलक काय सांगतो ते पाहा, आणि थर्मासमध्ये थोडा बर्फ फोडून ठेवा.