स्नेह : त्वचेचा रक्षक

‘स्नेह’ या शब्दाला माया आणि तेलतूप असे दोन्ही अर्थ आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात तेरावा अध्याय स्नेहालाच वाहिलेला आहे. त्यात स्नेहाची उत्पत्तिस्थाने दोन सांगितली आहेत : स्थावर, म्हणजे वनस्पती, आणि जंगम, म्हणजे प्राणी. तूप, तेल, वसा व मज्जा हे चार स्नेह प्रमुख मानून त्यांत तुपाला अग्रस्थान दिले आहे.

आपल्या गोमंतकात या दोन्ही परंपरा घराघरांत नांदल्या. भिरंडांच्या, म्हणजे कोकमांच्या, बिया वाळवून फोडीत, आतला गर कुटून पाण्यात उकळीत आणि वर आलेला स्नेह काढून, निवल्यावर त्याचे मुठीने गोळे वळीत. हे भिरंडेल साधारणतः ३८ ते ४२ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणून गोळा फडताळात घट्ट राहतो आणि बोटाने चोळताच मऊ पडतो. थंडीत फुटलेल्या ओठांना व गालांना तेच लावीत. जंगम स्नेहांपैकी शतधौत घृत प्रसिद्ध आहे. तांब्याच्या पात्रात तूप पाण्याने शंभर वेळा फेसून धुतले की ते पांढरेशुभ्र, मलमासारखे होते. ते केवळ बाह्योपचारासाठी असते.

हे स्नेह नेमके करतात काय? त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या असून त्यांच्यामधील सांधे स्निग्ध द्रव्यांनी भरलेले असतात. थंड, कोरड्या हवेने वा वारंवार साबण लावल्याने ही द्रव्ये कमी होतात, आतले पाणी उडून जाते आणि त्वचा तडकते. वरून लावलेला स्नेह त्वचेला पाणी देत नाही. असलेले पाणी राखतो. म्हणून तो चेहरा धुऊन, किंचित ओलसर असतानाच, अगदी पातळ लावावा.

येथे विद्यार्थ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘सर्वांना निरुपद्रवी’ नव्हे. चेहऱ्यावर तैलग्रंथी दाट असतात आणि तारुण्यात त्यांचा स्राव वाढतो. कोरड्या त्वचेला मानवणारे खोबरेल मुरमे असलेल्या चेहऱ्यावर छिद्रे बुजवून मुरमे वाढवू शकते. लोकरीपासून मिळणारा लॅनोलिन हा स्नेह ओठांना उत्तम, परंतु काहींना त्याचे वावडे असते. खवट झालेला स्नेह तर वापरूच नये. नवा पदार्थ आधी कोपराच्या आतील बाजूस काही दिवस लावून पाहावा. खाज वा पुरळ उठल्यास सोडून द्यावा. मुरमे चिघळली, व्रण पडू लागले, तर घरगुती उपाय थांबवून त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. विलंबाने पडलेले खड्डे कोणत्याही तुपाने भरत नाहीत.

आणि कोणताही स्नेह वर्ण उजळीत नाही. तशी अपेक्षा बाळगून आपल्या सावळ्या मुलींना लहानपणापासून खंतावणे, हे स्नेहाच्या दोन्ही अर्थांना सोडून आहे. त्वचा निरोगी असावी, एवढीच या उपचारांची मर्यादा आहे आणि तेवढेच त्यांचे मोल आहे.